ट्रक उभा असतो, तेव्हा माणूस पडतो

"ट्रक ड्रायव्हर जखमी" म्हटलं की डोळ्यांसमोर घाटात उलटलेली गाडी येते. पण एखाद्या जुन्या ड्रायव्हरला अंगावरच्या खुणांबद्दल विचारून बघा. बऱ्याच खुणा गाडी उभी असतानाच्या निघतील.

ताडपत्री ओढायला मालावर चढला, दोर तुटला, दहा-बारा फुटांवरून खाली. हवा भरताना चाकाची लॉक रिंग उडाली. जॅक सरकला. डंपरची ट्रॉली उचलताना वरच्या विजेच्या तारेला लागली. सरकार दरवर्षी रस्ते अपघातांचे आकडे छापतं, त्यात ही माणसं सापडत नाहीत. कारण यातलं बरंचसं रस्त्यावर होतच नाही. होतं ते गोदामात, ढाब्यामागे, खाणीत.

माझे मामा ऐंशीच्या दशकात मुंबई-बंगलोर लाईनवर होते. पावसात ताडपत्री बांधताना निपाणीजवळ पडले, खुबा मोडला. शेठ दवाखान्यात आले, पाचशे रुपये दिले आणि म्हणाले, "घरी पडलो म्हणून सांग." मामांनी तसंच सांगितलं.

तेव्हा कायदा नव्हता का? होता की! १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. काम करताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. यंत्रावर चालणाऱ्या वाहनावरचे कामगारही त्याच्या यादीत होते. पण मामांकडे ना नेमणूकपत्र, ना हजेरीची नोंद. दाव्याला मुदत दोन वर्षांची, आणि असा कायदा आहे हे त्यांना कळलं ती मुदत उलटून बरीच वर्षं झाल्यावर.

पुढे १९६१ मध्ये खास मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा आला. दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला फार तर दहा. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. कागदावर उत्तम. मेख एकच होती: किमान पाच कामगार असतील तरच लागू. शेठचे ट्रक दोन. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर. झाले चार. संपला कायदा! आपल्याकडचा ट्रकधंदा मुख्यतः अशाच छोट्या मालकांचा आहे.

१९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली संघटना होती. तो देशात नावाजला गेला, पण तो माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचा. त्याच मालावर चढून दोर आवळणारा ड्रायव्हर बाहेरच राहिला.

नॅशनल परमिटच्या गाडीत दोन ड्रायव्हर हवेत, हा नियम २०१८ मध्ये काढला. २०२० च्या नव्या सुरक्षा संहितेत पाचाची अट दहावर गेली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ही मात्र चांगली गोष्ट. उन्हाळ्यात इंजिनाशेजारी बसून बघा, मग कळेल का ते.

पण केबिनच्या बाहेरचं काय? मालावर चढायला धड शिडी नाही, गोदामात उजेड नाही, आणि पडलेल्याची नोंद करणारं कुणी नाही. अपघाताची नोंदच नसेल तर तो टाळायचा कुणी आणि कसा?

मामा आज अठ्ठ्याहत्तरचे आहेत, काठी घेऊन चालतात. कुणी विचारलं तर अजूनही म्हणतात, "घरी पडलो होतो."