बाळगोळी

लेकीला आठवा महिना लागला, ती रांगायला लागली आणि आमच्या घरातली रात्र संपली. दिवसा जे जमत नाही त्याची प्रॅक्टिस रात्री दोन वाजता! गुडघ्यावर उभी राहून डुलते, आणि परत आडवं कसं व्हायचं ते कळत नाही म्हणून रडते.

भांडगावला (सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे, माझं आजोळ) गेलो तेव्हा मामीनं एका वाक्यात निकाल लावला. "रांगाया लागलं की लेकरू रात्रीचं उठतंच. उभं राहाया लागल्यावर बी उठंल." इस्राएलमधे हायफा विद्यापीठाच्या अनात शेर यांनी रांगणं आणि झोप यावर बरंच संशोधन केलंय, त्यांच्याही बाळांची झोप रांगायला लागताना मोडत होती. मामी पुढे म्हणाली, "पूर्वी बाळगोळी द्यायचे, निपचित पडायचं लेकरू."

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पुढचे दोन वीकएंड त्यात गेले.

बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. अफू काही चोरून मिळत नव्हती, इंग्रज सरकारच्या परवान्याची दुकानं होती आणि महसूल सरकारजमा होत होता. खेड्यात ती होतीच, पण तिचं खरं राज्य होतं मुंबईच्या गिरणगावात. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर इकडची माणसं गिरण्यांत गेली, त्यात बायकाही होत्या. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरला कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. त्यांनी नोंदवलेला आकडा होता 98 टक्के. म्हणजे कामगार बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या पोरांना अफू दिली जात होती! सी. एफ. अँड्र्यूज यांनी 1926 मधे भारतातल्या अफूवर पुस्तक लिहिलं, तेव्हा हा आकडा बराच गाजला.

वाचून पहिल्यांदा राग येतो तो आयांचा. पण जरा हिशोब मांडून बघा. 1891 च्या कायद्यानं बायकांचा दिवस 11 तासांचा केला होता, आणि 1922 च्या कायद्यानंतरही 11 तासांची मुभा राहिलीच. त्याच्या आधी आणि नंतर स्वयंपाक, पाणी, धुणं. चाळीतली एकच खोली, त्यात पाच-दहा माणसं, सगळ्यांना पहाटे भोंग्याला उठायचं. अशा खोलीत रात्री दोनला रांगायची प्रॅक्टिस करणारं मूल एकट्या आईला नाही, अख्ख्या खोलीला जागवणार. आणि दिवसा तर आई तिथे नसायचीच.

अफूनं मूल गप्प व्हायचं, पण त्याची भूकही मरायची. भुकेलं मूल रडतं म्हणून त्याला दूध मिळतं. ते रडलंच नाही तर हळूहळू वाळत जातं. शिवाय बद्धकोष्ठ, आणि गोळी जरा मोठी झाली तर श्वासच थांबायचा. शांत झोपणारं गुणी बाळ... असो.

हा आपल्या लोकांचा अडाणीपणा म्हणावा तर मँचेस्टरच्या गिरणी कामगारांची पोरं गॉडफ्रीज कॉर्डियल पीत होती, त्यातही अफू. अमेरिकेत मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप होतं, त्यात मॉर्फिन. जिथे भोंगा गेला तिथे बाटली किंवा गोळी गेली, इतकं ते सरळ आहे असं मला वाटतं.

उपायही म्हणूनच नुसत्या उपदेशाचा नव्हता. 1929 मधे मुंबई इलाख्यात मातृत्व लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. 1948 च्या फॅक्टरी कायद्यानं 50 पेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, 1976 मधे तो आकडा 30 वर आला. 2017 मधे रजा 26 आठवड्यांची झाली. आता गंमत बघा. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच गेले तर आई कामावर परतते तेव्हा मूल पाच-सहा महिन्यांचं असतं. रांगणं, उभं राहणं, सगळं त्यानंतर! रात्री चार वेळा उठून सकाळी साडेनऊचा स्टँडअप करायचा. आमच्या घरी आम्ही दोघं पाळ्या लावतो, तरी डोळे चुरचुरतात.

आणि ही रजा असलेल्यांची गोष्ट झाली. हिवाळ्यात भांडगावच्या आसपास पहाटे अंधारातच ऊसतोड सुरू होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि बांधावरच्या झाडाला झोळी. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे ज्या दिवशी बाई तोडीला गेली नाही, त्या दिवसाचे पैसे मुकादम कापतो.