केजहून केडगावला, १९०५

जून १९०५. निजामाच्या मुलखातल्या केजहून तुमची बैलगाडी निघते. बीड मागे पडतं, मग इंग्रजी हद्द लागते. कनवटीचे निजामाचे हाली रुपये बदलून घ्यावे लागतात. नगरला तुम्ही आगगाडीत बसता, दौंडला बदलता आणि पुण्याच्या वाटेवर केडगावला उतरता. वाटभर एकच प्रश्न छळतो आहे: ख्रिस्ती माणसानं आधी काय सांभाळावं, शुद्ध मत की देवाशी जडलेलं नातं?

मुक्ती मिशनच्या आवारात पाऊल टाकताच गलका कानी येतो. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करताहेत. कुणी हुंदके देते, कुणी हात पसरून बसली आहे. यातल्या कित्येक जणी दुष्काळातून वाचून इथं आल्या. हे सगळं नुसतं भावनेचं भरतं आहे, असं तुमच्या मनात येतं.

मग हे मिशन उभारणाऱ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या पंडिता रमाबाई दिसतात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी त्रैक्यावर पत्रांतून कसून वाद घातला. स्वतःच्या बुद्धीला पटेपर्यंत कुणाच्या अधिकाराखातर त्यांनी मान तुकवली नाही. पुढं १८९१ च्या सुमारास त्यांना कळून चुकलं, की धर्म स्वीकारला तरी ख्रिस्ताची भेट राहूनच गेली होती.

ती भेट झाल्यावर त्यांनी अभ्यास सोडला असेल? काही वर्षं पुढं या. मेजावर हिब्रू-ग्रीकचे ग्रंथ उघडे आहेत. शेजारच्या छापखान्यात बायका खिळे जुळवताहेत. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल असं बायबल रमाबाई मुळावरून मराठीत आणताहेत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर हे काम चाललं; संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून निघाला.

तुमचा प्रश्न इथं टिकत नाही. ज्याच्यावर जीव जडला, त्याच्याविषयी भलतंसलतं ऐकून घेववत नाही. म्हणून प्रेमच मत तपासायला लावतं. आणि मत कितीही बिनचूक असलं, तरी रात्री संकटात हाक मारायला कुणीतरी आपलं लागतंच. केजला परतल्यावर मंडळीत विश्वासांगीकार म्हणाल, तेव्हा न पटलेलं वाक्य गिळू नका. ते घेऊन देवापुढं बसा, त्यालाच विचारा. मोकळेपणानं विचारता येणं, हीसुद्धा जवळीकच आहे.