बँजोची पाचवी तार आणि ‘पहिला कोण?’ हा चुकीचा प्रश्न

बँजो म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. पण ते वाद्य वेगळं. बटणं दाबून वाजवायचा तो बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतोमध्ये आहे. आज मी लिहितेय ते अमेरिकेतल्या पाच तारांच्या बँजोबद्दल. एकाच नावाच्या दोन वस्तू असतील, तर आपण कोणतीबद्दल बोलतोय ते आधी सांगायचं. प्रबंधातही हेच करा.

या बँजोची गंमत पाचव्या तारेत आहे. बाकीच्या चार तारांच्या खुंट्या दांडीच्या टोकाला असतात. पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी मध्येच, पाचव्या पडद्याजवळ, दांडीच्या कडेला असते. सतारीची चिकारी आठवा. तसाच हा उंच सूर अंगठ्याने मधूनमधून छेडायचा.

ही तार कुणी लावली? बरीच वर्षं सांगितलं गेलं की, व्हर्जिनियातल्या जोएल वॉकर स्वीनी (१८१०–१८६०) या गोऱ्या वादकाने. पण ‘द ओल्ड प्लँटेशन’ नावाचं एक जलरंगचित्र आहे, दक्षिण कॅरोलायनातलं, अठराव्या शतकाच्या अखेरचं. त्यात गुलामगिरीत राहणारा एक कृष्णवर्णीय माणूस भोपळ्याचा बँजो वाजवतोय आणि त्या बँजोला आखूड तार आहे! म्हणजे स्वीनी जन्मायच्या आधीच ती होती. पश्चिम आफ्रिकेतल्या जोला लोकांच्या अकॉन्टिंग या वाद्यालाही अशी अंगठ्याची आखूड तार असते. ज्यांना स्वतःच्या नावावर काही ठेवण्याचा हक्कच नव्हता, त्यांची कल्पना दुसऱ्याच्या नावावर लागली. एक चुकीचा संदर्भ पुढे पुढे नकलला गेला की हे असं होतं.

म्हणून ‘पहिला कोण?’ यापेक्षा ‘कुणाच्या हाताला काय अडत होतं?’ हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो. तो विचारला की बँजोतला एकेक बदल उलगडत जातो.

गायकाची पट्टी वर न्यायची, तर दांडीवर कॅपो लावतात. त्याने चार तारा एकदम चढतात, पण पाचवी तार सुरूच होते पाचव्या पडद्यापाशी. ती तशीच राहते. मग वादकांनी काय केलं? खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे बारीक खिळे दांडीत ठोकले आणि तार त्यांच्याखाली अडकवली. काम झालं!

पीट सीगरची अडचण उलटी होती. त्यांना पट्टी खाली हवी होती. १९४० च्या दशकात त्यांनी दांडी तीन पडद्यांनी लांबवली. हिशोब करून बघा. प्रत्येक अर्धस्वरासाठी तारेची लांबी साधारण १.०५९ पट होते, तीन अर्धस्वरांसाठी १.१९ पट. मूळ तार २६ इंचांची धरली, तर ती सुमारे ३१ इंच होते. पाच इंच वाढले, वाद्य अवजड झालं, डावा हात लांब पसरावा लागला. सोय फुकट मिळत नाही.

अर्ल स्क्रग्ज यांना तर गत चालू असतानाच तारेचा सूर बदलायचा होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी खुंट्यांजवळ भोकं पाडून एक कळ बसवली. कळ फिरवली की तार ठराविक तेवढीच ताणली जायची. पुढे बिल कीथ आणि डॅन बम्प यांनी हीच युक्ती खुंटीच्या आत नेली. दोन्ही बाजूंना अडसर असल्यामुळे खुंटी बरोबर जागेवरच थांबते.

आता यातलं विज्ञान. २००४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते डेव्हिड पॉलिट्झर स्वतः बँजो वाजवतात आणि त्यावर शोधनिबंधही लिहितात. एका अभ्यासात त्यांनी इतर बाबतीत सारखे, फक्त कड्याची खोली वेगळी, असे तीन बँजो ताडून पाहिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बँजोवाले मात्र पुष्कळदा घोडी, तारा आणि कातड्याचा ताण एकाच दिवशी बदलतात आणि म्हणतात, ‘नवी घोडी भारी आहे.’

हसू नका. मीही पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी डिटेक्टर आणि नमुना धरायचा साचा एकाच दिवशी बदलला होता. सिग्नल सुधारला. कशामुळे, ते शोधायला तीन आठवडे गेले.

तुमच्या विभागातलं एखादं जुनं उपकरण नीट बघा. त्याच्यावर कुणीतरी पट्टी चिकटवलेली असेल, जादा स्क्रू मारलेला असेल. तो बदल कुणासाठी झाला, अडचण काय होती, त्यापायी काय सोडावं लागलं, हे विचारा. आणि उत्तर सांगणारा लॅब असिस्टंट असेल, तर आभारात त्याचं नाव न विसरता लिहा.