पाळणा आणि पंचायत

आष्टीचे नाव निघाले की आपल्याला ऑगस्ट १९४२ चा लढा आठवतो. पुढे स्वराज्याने अशा गावांच्या हाती पंचायतीचा कारभार दिला. मात्र पंचायतीतील आसन एके दिवशी घरातल्या पाळण्याशी बांधले जाईल, अशी कल्पना त्या पिढीने केली नसावी.

डिसेंबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यात, वर्ध्याला, मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या. सँगर संततिनियमनाच्या साधनांचा पुरस्कार करीत, तर गांधीजी संयमाचा. दोघांचे एकमत झाले नाही. तरीही पतीला नकार देण्याचा स्त्रीचा अधिकार गांधीजींनाही मान्य होता. मुंबईत र. धों. कर्वे यांनी तर १९२१ मध्येच संततिनियमन केंद्र उघडले होते आणि १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते. वाद तीव्र होता, पण तो माणसाला पटवून देण्याचा होता.

१९५२ मध्ये शासनाने कुटुंबनियोजन हाती घेतले आणि पटवून देण्याची जागा हळूहळू उद्दिष्टांनी घेतली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. सक्ती पुढे दुसऱ्या वेषात आली. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती पंचायत निवडणुकीस अपात्र ठरली.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, १९९८-९९ मध्ये तो २.५ झाला आणि २०१९-२१ मध्ये १.७. म्हणजे ही अट येण्यापूर्वीच उतार सुरू झाला होता. तेव्हा या घसरणीचे सारे श्रेय कायद्याला देता येत नाही.

कायद्याची किंमत मात्र स्त्रियांनी अधिक मोजली, असे आम्हांस वाटते. राखीव जागांमुळे त्या नुकत्याच पंचायतीत पोहोचल्या होत्या. मुलाच्या हट्टापायी घरात तिसरे बाळंतपण लादले जाते, तेव्हा निर्णय एकाचा असतो आणि अपात्रता दुसरीची.

आज वारे उलटे वाहू लागले आहे. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये दोन अपत्यांची अट रद्द केली. तेथे आता अधिक मुलांचे आवाहन होते. शासनाला हवा असलेला आकडा बदलला. वर्ध्याच्या भेटीतला प्रश्न मात्र तसाच उभा आहे : मूल हवे की नको, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?