करवीरची पत्रे

श्रोतेहो, वृत्तपत्र काढणे म्हणजे भर गावात एक चावडी उघडणे होय. तेथे बोलणारे अनेक असतात. परंतु कोण काय बोलले याचा जाब अखेरीस चावडीच्या धन्यालाच द्यावा लागतो. ही गोष्ट महाराष्ट्राला ज्या प्रसंगाने शिकविली, त्याचा उगम आपल्या कोल्हापुरात आहे. इतिहासात तो ‘कोल्हापूर प्रकरण’ या नावाने प्रसिद्ध आहे.

‘केसरी’ निघाला तेव्हा तो काढणाऱ्यांचा मूळ धंदा मास्तरकीचा होता. 1880 च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, आणि वर्षभरातच या मंडळींनी वृत्तपत्राचा संकल्प सोडला. जाहीर पत्रकावर विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, आपटे, गर्दे आणि नामजोशी या सहा जणांची नावे होती. विष्णुशास्त्र्यांच्या गाठीस ‘निबंधमाला’ होती आणि नामजोशांना वृत्तपत्राची थोडीबहुत माहिती होती. टिळक व आगरकर मात्र अवघ्या चोविशीतले, नुकतेच विद्यालयातून बाहेर पडलेले तरुण. छापखाना हप्त्यांनी घेतलेला. टाइपाच्या पेट्या मोरोबादादांच्या वाड्यात हलविण्यास हमाल न लावता या पदवीधरांनी त्या स्वतः वाहून नेल्या, असे सांगतात. 2 जानेवारी 1881 रोजी इंग्रजी ‘मराठा’ आणि 4 जानेवारीस मराठी ‘केसरी’ बाहेर पडला. ‘केसरी’चे संपादन आगरकरांकडे, ‘मराठा’चे टिळकांकडे.

येथवरची अडचण अंगमेहनतीने सुटणारी होती. खिळे कसे जुळवावेत, मुद्रिते कशी तपासावीत, अंक टपालात वेळेवर कसे पडावेत, हे सारे चार महिन्यांत हाताखालून जाते. खरी परीक्षा निराळीच होती. 1867 च्या कायद्यान्वये छापणाराचे व प्रसिद्ध करणाराचे नाव अंकावर घालावे लागे; आणि दंडविधानाप्रमाणे दुसऱ्याने केलेली बदनामी छापली, तरी ती छापणाराची जबाबदारी टळत नसे. लॉर्ड लिटन यांचा 1878 चा देशी वृत्तपत्रांचा जाचक कायदाही त्या वेळी डोक्यावर टांगलेला होताच.

अशा वेळी कोल्हापुराहून विलक्षण वार्ता येऊ लागल्या. 1870 साली राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्यामागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज हे अजून कोवळ्या वयाचे होते, आणि राज्याचा कारभार महादेव वासुदेव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांना वेड लागले आहे असे सरकार म्हणे. त्यांचा छळ होत आहे असे लोक म्हणत. करवीरच्या गादीविषयी ज्यांच्या मनात भक्ती होती, त्यांची मने या बातम्यांनी जळत होती. त्यातच कारभाऱ्यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुढे आली. महाराजांच्या जिवावर उठण्याचा कट त्यांतून दिसत होता. ती खरी मानून ‘केसरी’ने व ‘मराठा’ने बर्व्यांवर उघड आरोप केले.

बर्व्यांनी फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट ठरली! आपण फसलो हे ध्यानात येताच संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली. परंतु खटला थांबला नाही. हे प्रकरण चिघळत असतानाच, 17 मार्च 1882 रोजी, विष्णुशास्त्री ऐन उमेदीत निवर्तले. टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी दहा हजार रुपयांची हमी देण्यास पुढे आले ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेट उरवणे. मतभेदाच्या भिंती अशा प्रसंगी कशा गळून पडतात, याचे हे संस्मरणीय उदाहरण होय. जुलै 1882 मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद फर्माविली. 26 ऑक्टोबरला, 101 दिवसांनी, ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा त्यांच्या स्वागतास मोठा जनसमुदाय लोटला होता. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

आता या कथेचा दुसरा भाग ऐका. चौथ्या शिवाजी महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. आणि 25 डिसेंबर 1883 रोजी, ग्रीन नामक पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, विशीतील या राजाचा तेथेच अंत झाला. म्हणजे पत्रे खोटी होती, पण महाराजांविषयीची काळजी खोटी नव्हती. पुढे 1884 च्या मार्चमध्ये कागलचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू या नावाने गादीवर बसले.

खोट्या पुराव्याने खऱ्या गाऱ्हाण्याचे केवढे नुकसान होते, ते येथे दिसते. महाराजांना कसे वागविले जाते, हा मूळचा प्रश्न. न्यायालयात मात्र चर्चा झाली ती अमुक पत्र कोणी लिहिले याची. महाराज किल्ल्यात राहिले, संपादक तुरुंगात गेले, आणि ज्यांनी जाब द्यावयाचा ते निर्दोष फिर्यादी म्हणून उजळ माथ्याने बाहेर पडले. पत्र आणून देणारा कोण, मूळ कागद पाहिला की नुसती नक्कल, अक्षर कोणी ओळखले, ज्याच्यावर आरोप त्याला विचारले काय, एवढे चार प्रश्न अंक छापण्यापूर्वी विचारले गेले असते, तर करवीरचा पक्ष दुबळा झाला नसता.

तथापि या तरुणांनी चावडी मोडली नाही, हे त्यांचे मोठेपण. तुरुंगातून सुटून त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. 1887 पासून ‘केसरी’ टिळकांच्या हाती गेला, तर आगरकरांनी 1888 मध्ये आपल्या मतांसाठी ‘सुधारक’ ही निराळी चावडी उघडली. लोकांना बोलण्यास जागा करून देणे हे पुण्यकर्म खरेच. त्यासाठी यंत्राची विद्या आधी अवगत असावी लागते असे नाही. ती वाटेत शिकता येते. परंतु आपल्या दारात आलेला प्रत्येक कागद पारखून घेण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. मास्तरांच्या त्या छापखान्याने हे 101 दिवसांच्या मोलाने जाणले.