रबरी मगर आणि आजीची विहीर

१९९१च्या गणपतीत आमच्या गल्लीने वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता. जिंतूरला तेव्हा तशी पद्धतच होती. एक रंगीत टीव्ही, तीन कॅसेटी आणि रस्त्यावर पोती टाकून रात्रभर बसलेली अख्खी गल्ली. मी सात वर्षांचा होतो. पहिला पिक्चर देवाचा झाला, दुसऱ्याला निम्मी पोरं झोपली, आणि तिसरा लागला ‘खून भरी माँग’. त्यात नवरा बायकोला नावेतून पाण्यात ढकलतो आणि पाण्यात मगर असते. सगळे श्वास रोखून बसले असताना माझी आजी मोठ्याने म्हणाली, “रबराची हाय रे ती. डोळे बघ की, हलतच न्हाईत.” गल्ली हसली. मीही हसलो.

तरी पुढे कित्येक दिवस मी शेतातल्या हौदात पाय सोडले नाहीत. मगर रबराची आहे हे माहीत असूनही भीती वाटते, ती नेमकी कशाची? पाण्यातल्या राक्षसांचे स्वस्तातले पिक्चर मी नंतर ढिगाने पाहिले, ते बहुतेक याच प्रश्नापायी.

आमच्यापासून समुद्र चारेकशे किलोमीटर लांब. आमचं मोठं पाणी म्हणजे येलदरी. जिंतूरहून पंधराएक किलोमीटरवर पूर्णा नदीवर बांधलेलं मातीचं धरण. १९६०च्या दशकात ते पूर्ण झालं. पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं वीजघर आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला ते दाखवायचे आणि आम्ही मात्र सांडव्याकडे बघत बसायचो. या पाण्याखाली माझ्या आजीचं माहेर आहे. घरं, मारुतीचा पार, तिच्या वडिलांचा मळा आणि मळ्यातली दगडी बांधकामाची विहीर. गाव उठलं तेव्हा लोकांनी देव उचलून नव्या गावठाणात नेले. विहिरीच्या काठावरच्या सातीआसरा मात्र तिथेच ठेवल्या. आसरा पाण्याच्या असतात, त्यांना पाण्यापासून तोडत नाहीत, असं आजी सांगायची.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. सातीआसरा म्हणजे पाणवठ्यावर राहणाऱ्या सात बहिणी. नदीच्या डोहापाशी, विहिरीपाशी शेंदूर लावलेले सात दगड दिसले की समजायचं. त्यांना हळदी-कुंकू, बांगड्या, हिरवं खणाचं कापड वाहतात. त्या प्रसन्न असल्या तर पाणी आटत नाही. रागावल्या तर माणूस ओढून नेतात. “भर दुपारी पाण्यात उतरू नको, आसरा ओढतेत,” हे वाक्य मराठवाड्यातल्या बहुतेक पोरांनी ऐकलेलं आहे. म्हणजे पिक्चर बघायला बसण्याआधीच आमच्या पाण्यात कोणीतरी होतं.

ही गोष्ट अमेरिकेतल्या स्वस्त पिक्चरवाल्यांना फार लवकर कळली होती. १९५४ साली रॉजर कॉर्मन नावाच्या तरुणाने निर्माता म्हणून पहिला भयपट काढला, ‘मॉन्स्टर फ्रॉम द ओशन फ्लोअर’. पैसे जेमतेम. एका कंपनीने एका माणसाची छोटी पाणबुडी बनवल्याचं त्याच्या वाचनात आलं. तुमची जाहिरात होईल म्हणून त्याने ती फुकट मागून आणली. राक्षस पडद्यावर कमीत कमी दाखवला, कारण दाखवण्यासारखा तो नव्हताच. हवेलीतलं भूत दाखवायचं तर हवेली लागते, मेकअप लागतो, पडदे लागतात. पाण्यातल्या भुताला फक्त पाण्याचा पृष्ठभाग लागतो. त्याखाली काय आहे ते प्रेक्षक स्वतःच ठरवतो, आणि त्याची मजुरी द्यावी लागत नाही.

त्याच वर्षी युनिव्हर्सलचा ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ आला. हा प्राणी समुद्रातला नव्हता, नदीच्या डोहातला होता. पाण्याखालची दृश्यं फ्लोरिडातल्या वाकुला झऱ्यावर घेतली. रिकू ब्राउनिंग हा पोहणारा रबराचा अंगभर पोशाख घालून, पाठीवर हवेची टाकी न लावता, मिनिटामिनिटांचा श्वास रोखून त्यात पोहला. त्या प्राण्याचं रूप घडवण्यात मिलिसंट पॅट्रिक या चित्रकार बाईचा मोठा वाटा होता, पण पडद्यावर तिचं नाव आलं नाही. पाण्याखालचं जसं दिसत नाही, तसं त्या बाईचं कामही कितीतरी वर्षं दिसलं नाही.

मग १९७५ साली ‘जॉज’. तो काही गरिबाचा पिक्चर नव्हता. पण त्याचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात उतरवला की बिघडायचा. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. शार्क चालेना म्हणून स्पीलबर्गने त्याच्याऐवजी पाण्यावर ओढली जाणारी पिंपं दाखवली, लाटा दाखवल्या, संगीत वाजवलं. कॉर्मनने पैशाअभावी जे केलं होतं, तेच इथे यंत्र बंद पडल्यामुळे झालं आणि लोकांची बोबडी वळली.

‘जॉज’ चालल्यावर नकलांची रांग लागली. त्यातली माझी आवडती १९७८ची ‘पिरान्हा’. निर्मितीत पुन्हा कॉर्मन, दिग्दर्शक ज्यो डान्टे. काठीला लावलेल्या रबराच्या माशांनी तो पिक्चर तारला. गोष्ट अशी की लष्कराने व्हिएतनाम युद्धासाठी नदीत सोडता येतील असे मासे पैदा केले, युद्ध संपलं, मासे उरले. ते नदीतून खाली खाली येतात. वाटेत धरण आहे, पुढे लहान मुलांचं शिबिर आहे, तलावाकाठी नवं रिसॉर्ट आहे. धोका आहे हे ज्यांना माहीत आहे ते गप्प बसतात, कारण बोललं तर धंदा बसेल. ‘जॉज’मधला नगराध्यक्षही हेच करतो. या पिक्चरांत खरी चूक माशाची कधीच नसते. काठावर कोणीतरी काहीतरी माहीत असून बोललेलं नसतं.

आपल्याकडे मात्र भयपट पाण्यात फारसा उतरला नाही. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात तळ ठोकून थोडक्यात काढला. ‘पुराना मंदिर’साठी ते मुरुडला गेले. समोर अरबी समुद्र होता, पण त्यांनी कॅमेरा नवाबाच्या वाड्याकडे वळवला. पाण्याखाली कॅमेरा नेणं महाग आणि वाडा भाड्याने मिळतो. १९८८ साली मात्र दोन मगरी गाजल्या. एक ‘खून भरी माँग’मधली आणि दुसरी ‘गंगा जमुना सरस्वती’मध्ये अमिताभने खांद्यावर घेतलेली. पण दोन्हीकडे मगर हे खलनायकाला शिक्षा देण्याचं साधन होतं. ती पाण्याची भीती नव्हती, तो न्याय होता.

शार्कवर बेतलेला सरळ हिंदी पिक्चर म्हणजे ‘आतंक’. धर्मेंद्र, हेमामालिनी, विनोद मेहरा, अमजद खान. मच्छीमारांचं गाव, समुद्रतळाशी मोती, गुंड आणि शार्क. हा पिक्चर १९८०च्या दशकात सुरू होऊन रखडला आणि थेट १९९६ साली लागला. तोवर विनोद मेहरा जाऊन सहा वर्षं आणि अमजद खान जाऊन चार वर्षं झाली होती. मी तो केबलवर पाहिला. शार्क हास्यास्पद आहे. पण मेलेली माणसं पाण्यात उतरताहेत आणि त्यांना कोणीतरी ओढतंय, हे बघताना मला हसू आलं नाही.

हसू न येण्याचं कारण १९९८ सालच्या मे महिन्यातलं आहे. त्या उन्हाळ्यात केबलवाल्याने हिंदीतला ‘अ‍ॅनाकोंडा’ रात्री तीन-चार वेळा लावला होता. परीक्षा संपल्या होत्या. आम्ही पाच पोरं सायकलींवर येलदरीच्या पाणलोटाकडे गेलो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि जुन्या शेतांचे बांध वर येतात. गुडघाभर पाण्यात आम्ही एकमेकांना साप म्हणून धरत होतो. पोहायला एकालाही येत नव्हतं. माझा वर्गमित्र माझ्यापुढे दहा-बारा हातांवर होता. तो गुडघाभर पाण्यात उभा होता आणि पुढच्या पावलाला नव्हता. आरडाओरडा नाही, काही नाही. पाण्यावर थोडे बुडबुडे आले.

संध्याकाळी गळ टाकून त्याला काढलं. लोकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पाण्यात काहीतरी मोठं हललं. मी खोटं बोललो असं मला आजही वाटत नाही. मला ते दिसलं होतं. पण ते ‘अ‍ॅनाकोंडा’तून आलं होतं, आजीच्या आसरांतून आलं होतं, पाण्यातून आलं नव्हतं. आठ दिवसांत जिंतूरभर झालं की येलदरीत मगर आहे. कोणी म्हणे मगर, कोणी म्हणे आसरांनी नेला. बायकांनी काठावर नारळ वाहिले. त्या पायाखाली काय होतं हे मात्र कोणी विचारलं नाही, कारण उत्तर आधीच मिळालं होतं. ते मी दिलं होतं.

आता पाण्यातले राक्षस दाखवणं स्वस्त झालंय. कॉर्मनला जो प्राणी परवडत नव्हता, तो संगणकावर बसून चार पोरं करतात. २००९च्या ‘मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस’मध्ये शार्क समुद्रातून उडी मारून विमान धरतो. २०१३च्या ‘शार्कनेडो’त वावटळीतून शार्क पडतात. तुम्ही त्यांच्या क्लिपा एकमेकांना पाठवता आणि हसता, ते बरोबरच आहे. सगळंच दाखवलं की भ्यायला काही उरत नाही. जुन्या पिक्चरांची गरिबी प्रेक्षकाला स्वतःच्या पाण्यात डोकवायला लावायची. फक्त तिथे जे दिसतं ते खरंच असेल असं नाही, एवढं मला फार उशिरा कळलं.

ते कळलं २०१६ साली. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं आणि मराठवाड्यातली धरणं तळाला गेली होती. येलदरीचा पाणलोट कोरडा, भेगाळलेला. आजी पंच्याहत्तरीच्या पुढची. म्हणाली, “माझं माहेर वर आलंय म्हन्तेत, मला दाखवून आन.” आम्ही जीप केली. पाराचे दगड होते, घरांचे पाये होते. ती काठी टेकत नेमकी मळ्याच्या दिशेने चालत गेली, जणू काल तिथून उठून आली होती. विहीर गाळाने अर्धी भरली होती, तरी दगडी कड शाबूत होती. जमिनीच्या पातळीलाच. पाण्याखाली असती तर कोणाला दिसली नसती.

मी मागे वळून चढ बघितला, बाभळीच्या बुडख्यांची रांग बघितली, आम्ही सायकली टाकल्या होत्या तो उंचवटा बघितला. अंतर जुळत होतं. मी आजीला विचारलं, अशा विहिरी किती होत्या? तिने बोटं मोडून सहा मळेवाल्यांची नावं घेतली. मी म्हणालो, मग तू हे कधी सांगितलं का नाहीस? ती माझ्याकडे बघत राहिली. “सांगत नव्हते का? आसरा ओढतेत म्हनून रोज तर सांगत होते. आसरा हिरीवरच असतेत की रे.”

तिच्या भाषेत ते पूर्ण उत्तर होतं. जिथे आसरा, तिथे विहीर, तिथे खोल पाणी. आम्ही त्यातला राक्षस तेवढा घेतला आणि पत्ता सोडून दिला.

सात दगड गाळातच कुठेतरी असतील. तिने विहिरीच्या कडेवर हळदी-कुंकू वाहिलं आणि मग काठीने आतली कपार दाखवली. “हितून उडी मारायचो आम्ही. कमरंला वाळला भोपळा बांधून बापानं पवायला शिकवलं मला. सहा पोरी होतो.” 

मी म्हणालो, मला येत नाही पोहायला. घरात कोणालाच येत नाही.

“कसं येईल? गाव गेलं, हीर गेली. तुमाला नुसतं भ्यायला शिकवलं,” ती म्हणाली आणि जीपकडे चालायला लागली.

त्या दिवाळीत मी माझ्या मित्राच्या आईकडे गेलो आणि १९९८ साली मला काय दिसलं होतं आणि काय दिसलं नव्हतं, ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. विहीर कुठे आहे ते दोनदा विचारलं.