परसदारची बाग : एका जुन्या छंदाचा इतिहास

बागांचा इतिहास म्हटला की काश्मीरच्या शालीमार आणि निशात बागा डोळ्यांपुढे येतात, पुण्याची हिराबाग आठवते. राजेरजवाड्यांनी त्यांवर पैसा खर्चिला, आणि जेथे पैसा तेथे दप्तर. म्हणून त्यांची नोंद राहिली. परंतु स्वयंपाकघराच्या मागील दाराबाहेर, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या चार अळवांची आणि एका शेवग्याची नोंद कोणी ठेवावी? ती बाग बायकांची होती. वाचक भगिनींनो, मंडळाच्या या वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्या न नोंदलेल्या बागेचीच हकीकत थोडक्यात सांगावयाची आहे. बागकाम हा रिकाम्या वेळेचा आणि भरल्या खिशाचा छंद आहे, अशी एक समजूत हल्ली रूढ झाली आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

या बागेचा एक फार जुना पुरावा वात्स्यायनाच्या ग्रंथात सापडतो. गृहिणीची कर्तव्ये सांगताना तो म्हणतो की, तिने घरालगत मोकळी जागा राखून तेथे भाजीचे वाफे करावेत, उसाची बेटे लावावीत, मोगरा-जास्वंदीसारखी फुलझाडे लावावीत. एवढ्यावर तो थांबत नाही. मुळा, पालक, काकडी, वांगे, कोहळा, दुधी यांचे बी तिने वेळच्या वेळी जमवून ठेवावे आणि योग्य काळी पेरावे, असेही तो बजावतो. म्हणजे बियाणे राखण्याचे जोखमीचे काम तेव्हापासून घरच्या बाईकडे होते. शेतावरचे बी चुकले तर हंगाम बुडतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विश्वासाचे मोल कळेल.

आपल्याकडील परसबाग याच चालीने चालत आली. तिची रचना कोणा तज्ज्ञाने केलेली नव्हती, पण तीत शहाणपण पुरेपूर होते. न्हाणीचे व मोरीचे पाणी वाहून जाई तेथे अळू, केळ आणि कर्दळ, कारण त्यांना ओल मानवते. कोरड्या कडेला शेवगा. दाराशी कढीपत्ता आणि गवती चहा, कारण फोडणी वा चहा चुलीवर असताना लांब जाणे परवडत नाही. कुंपणावर गोकर्ण आणि घोसाळी, पुढे अंगणात तुळस, आणि तिच्या आसपास प्राजक्त, तगर, अबोली. चुलीतील राख, भाज्यांची देठे, गोठ्यातील शेण हे सारे तेथेच जिरे. घरातून बाहेर टाकण्याजोगे फारसे काही उरतच नसे.

या बागेचे फायदे वेगळे सांगावे लागत नसत. पावसाळ्यात बाजार दूर आणि भाजी महाग असताना अळूचे फदफदे ताटात येई. अचानक पाहुणा आला तर केळीचे पान हाताशी असे. आणखी एक लाभ असा की, मुलींना झाडे ओळखता येत. श्रावणातील मंगळागौरीला आणि भाद्रपदातील हरितालिकेला पत्री गोळा करावी लागे. ती गोळा करता करता आघाडा कोणता, माका कोणता, दूर्वा कोणत्या, हे दहा वर्षांच्या मुलीला तोंडपाठ होई. वनस्पतिशास्त्राचा हा वर्ग फी न घेता भरत असे.

झाडाकडे या नजरेने पाहण्याची रीत राजनीतीतही उतरली होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी ताकीद आहे. आंबा-फणसासारखी झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ सांभाळलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, असा तिचा आशय आहे. लेकराची उपमा उगीच सुचत नाही. झाड वाढविताना ज्यांची उठबस पाहिली असेल, त्यांच्यावरूनच ती सुचली असावी.

आता एक गंमत पाहा. आपण जिला जुनी, अस्सल देशी परसबाग म्हणतो, तीतील निम्मे रहिवासी परदेशी आहेत. मिरची, पेरू, पपई, सीताफळ, गुलबक्षी आणि ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू, ही सारी मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज इकडे आल्यानंतर ती समुद्रमार्गे आली. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा येथील औषधी व वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथे त्याची बाग होती. तीतील एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असे तो कौतुकाने लिहितो. ग्रंथ संवादरूप आहे. विद्वानांची चर्चा चालू असता मधूनच अंतोनिया नावाच्या दासीला हाक मारली जाते आणि ती फळे वा पाने आणून दाखविते. ग्रंथावर नाव ओर्ताचे आहे. परंतु हवी ती वस्तू नेमकी आणून देणारी मात्र अंतोनिया होती.

अशीच दुसरी एक स्त्री. आपल्या फाटकावरची बोगनवेल मूळ ब्राझीलची, आणि तिचे नाव बूगनव्हील या फ्रेंच दर्यावर्द्यावरून पडले. १७६६ साली निघालेल्या त्याच्या सफरीत कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, व त्याचा मदतनीस म्हणून जहाजावर चढलेला 'पुरुष' वस्तुत: जान बारे ही स्त्री होती. स्त्रियांना जहाजावर मज्जाव असल्यामुळे तिला हे सोंग घ्यावे लागले. १७६७ साली रिओ द जानेरोजवळ ही वेल त्यांच्या संग्रहात आली. पुढे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिची नोंद झाली. वेलीला नाव मात्र कप्तानाचे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली बागेचे आणखी एक रूप आपल्याकडे आले. १८३० साली पश्चिम हिंदुस्थानची कृषि-उद्यान संस्था स्थापन झाली; पुण्याची एम्प्रेस गार्डन हिच्याच व्यवस्थेखाली नावारूपास आली आणि तेथील पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या नित्याच्या कौतुकाचा विषय झाले. मुंबईस भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली उघडली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे. कुंड्या, कलमी गुलाब, हिरवळ यांची आवड मध्यम वर्गात येथून पसरली. छंद या शब्दास आज जो अर्थ आहे तो बागकामास येथे चिकटला. परसबाग मागील दारी होती, ही बाग पुढील दारी आली. पहिली पोटासाठी व पूजेसाठी, दुसरी डोळ्यांसाठी. दोहोंत वैर मानण्याचे कारण नाही. मात्र पुढील दारचीच ती बाग आणि मागील दारची ती नुसती कामाची जागा, असा भेद झाला तो चुकीचा झाला.

दुसऱ्या महायुद्धाने हा भेद काही काळ पुसला. इंग्लंडमध्ये १९३९ पासून घरोघरी हिरवळी खणून बटाटे-कोबी लावण्यात आली. इकडे १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि 'अधिक धान्य पिकवा' अशी हाक सरकारने दिली. आपल्या आजीबाईंना त्या घोषणेत नवे काय आहे, असा प्रश्न पडला असल्यास नवल नाही.

खरा घाव बसला तो जागेवर. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे कितीतरी वाडे कोसळले. जे उरले त्यांतील अनेक पुढे पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या. १९७० साली अपार्टमेंट मालकीचा कायदाही झाला. वाड्याला परस असतो, सदनिकेला नसतो. न्हाणीचे पाणी नळीतून खाली गेले, देठे-साली कचऱ्याच्या डब्यात गेल्या, आणि पत्री बाजारातून जुडीने येऊ लागली. घर सुटसुटीत झाले खरे, पण हातातली एक विद्या सुटली.

ती परत मिळविण्याची वाटही महाराष्ट्रातच निघाली. कोल्हापूरचे गणितज्ञ श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि सामान्य माणसाने स्वत: प्रयोग करून शिकावे, असा आग्रह धरला. उसाची चिपाडे, पालापाचोळा, स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि थोडीशी माती यांवर पिशवीत, डब्यात, जुन्या टोपलीत भाजी होते, आणि गच्चीवर भारही कमी पडतो, हे या पद्धतीने दाखविले. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये तेथील उपाहारगृहाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी याच मार्गाने गच्चीवर बाग फुलविली. स्वयंपाकघरातून निघणारा कचरा हेच तिचे खत. परसदारचाच तो जुना हिशेब, फक्त वर चढलेला.

मनाला होणाऱ्या लाभाचीही आता मोजदाद झाली आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली एका रुग्णालयातील जुन्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते रोगी, विटांची भिंत दिसणाऱ्या रोग्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. नुसत्या दर्शनाने इतके होते, तर रोज पाणी घालणाऱ्या, खुरपणाऱ्या, कोंब फुटला का म्हणून वाकून पाहणाऱ्या बाईला किती विसावा मिळत असेल!

शेवटी एक सूचना. 'वाण' या आपल्या शब्दाचे दोन अर्थ आहेत: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देतो ते, आणि बियाण्याची जात ती. येत्या संक्रांतीस आपल्या मंडळात हे दोन्ही एक करावेत. प्लॅस्टिकच्या डबीऐवजी प्रत्येकीने घरच्या घेवड्याचे, भेंडीचे, अबोलीचे बी पुडीत बांधून आणावे, आणि वर नाव व पेरण्याचा महिना लिहावा. ज्यांच्याकडे आज कुंडीही नाही त्यांनी रिकाम्या हाताने यावे आणि पुडी घेऊन जावे. पुढील वर्षी त्या देणाऱ्यांच्या रांगेत असतील.